कासवाच्या पायातला बिल्ला

मोठेपणी प्राण्यांसाठी काम करायला कोणाकोणाला आवडेल? चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, की निम्म्याहून जास्त हात वर होतात. मग मी विचारते, "कुठे जाणार?" उत्तरं ठरलेली. आफ्रिका! ॲमेझॉन! एकदा एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, मी डिस्कव्हरीत जाणार!"

आमची शाळा रोडपालीची. पनवेल तालुक्यात, कळंबोलीला अगदी लागून. महामार्ग जवळ, लोखंड बाजार जवळ, दिवसरात्र ट्रेलरची घरघर. इथल्या मुलांना जंगल म्हणजे कुठेतरी लांबची गोष्ट वाटली तर नवल नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. चौथीत माझ्या वर्गात होती, आता कॉलेजात शिकते. तिचे वडील लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला आहेत. मागच्या दिवाळीत ती एक छापील कागद घेऊन घरी आली. दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवक पाहिजेत, सिंहाच्या अनाथ छाव्यांना बाटलीने दूध पाजायचं, दोन महिने राहायचं. विमानाचं भाडं सोडूनच लाखाच्या वर पैसे भरायचे होते. वर फोटो: एक मुलगी, तिच्या मांडीवर गोंडस छावा.

"बाई, बाबा कर्ज काढायला तयार आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते, की मला पटकन काही बोलवेना. पण तिच्या बाबांचं कर्ज होतं ते. गप्प बसून कसं चालेल?

आता जरा नीट ऐका हं. सिंहीण आपल्या पिल्लांना सहसा वाऱ्यावर सोडून देत नाही. मग एकाच ठिकाणी, वर्षाचे बारा महिने, इतके अनाथ छावे येतात कुठून? दक्षिण आफ्रिकेत सिंह पाळण्याचा मोठा धंदा उभा राहिला होता. बऱ्याच ठिकाणी छावे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून काढून घेत, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा वीते. छाव्यांना दूध पाजायला परदेशातून हौशी मुलं येत आणि वर पैसेही देत. छावे थोडे मोठे झाले, की पर्यटक त्यांच्याबरोबर फिरत, फोटो काढत. आणि पुरते वाढले, की त्यांतल्या कितीतरी सिंहांना कुंपणाच्या आत सोडून पैसेवाल्या शिकाऱ्यांकडून मारवत. हाडंसुद्धा विकली जात. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह सहसा रानात सोडता येत नाही, ही त्यातली खरी मेख. 2015 मध्ये या धंद्यावर एक माहितीपट निघाला, तेव्हा जगभर गवगवा झाला. 2021 च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनेही हा धंदा बंद करण्याचं धोरण जाहीर केलं.

म्हणजे बाटली धरणारी मुलगी मनापासून प्रेमच करत असते, पण तिच्या हातून घडतं भलतंच.

मी तिला "जाऊ नकोस" म्हटलं नाही. विशीतल्या मुलीला असं म्हटलं, की ती नक्की जाते! मी म्हटलं, "अगं, पैसे भरण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचार. छाव्यांची आई कुठे आहे? दोन वर्षांचे झाल्यावर ते कुठे जातात? आणि आजवर किती सिंह रानात सोडले?" तिने पत्र धाडलं. उत्तर आलं चार पानी. त्यात जेवणाची माहिती होती, खोल्यांची होती, पैसे भरण्याच्या शेवटच्या तारखेची होती. तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिने कागद फाडला.

परदेशातलं सगळंच काम असं असतं का? छे! मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा छोटा देश आहे. तिथे टोर्तुगेरो नावाच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. 1950 च्या दशकात आर्ची कार हे अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे जाऊ लागले. अंडी घालणाऱ्या मादीच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला ते धातूचा छोटा बिल्ला लावत. बिल्ल्यावर नंबर, पत्ता आणि परत पाठवणाऱ्याला बक्षीस. शेजारच्या निकाराग्वा देशातल्या कोळ्यांकडून बिल्ले परत येऊ लागले, तेव्हा ही कासवं चरायला कुठे जातात ते कळलं. ते काम आजही चालू आहे, आणि देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे जातात. राहण्या-जेवणाचे पैसे तेही देतात, त्यात वावगं काही नाही. पण कासवाला मांडीवर घ्यायला मिळत नाही, बरं का! गडद कपडे घालून रात्रभर वाळू तुडवायची, पांढरा उजेड पाडायचा नाही, अंडी मोजायची, नंबर लिहायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

असाच एक बिल्ला आपल्या कोकणातही सापडला. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीला 03233 नंबरचा बिल्ला लावला होता. 2025 च्या जानेवारीत ती कुठे अंडी घालताना दिसली असेल? रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरला! भारताचा नकाशा उघडा आणि ओडिशापासून गुहागरपर्यंत समुद्रातून बोट फिरवा. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. बिल्ला लावणारा आणि तो वाचणारा, दोघांमध्ये चार वर्षं आणि अख्खा देश. पहिल्याने नंबर नीट लिहून ठेवला नसता तर दुसऱ्याला काय कळणार होतं?

मी स्वतः हे काम पहिल्यांदा पाहिलं 2014 मध्ये, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. नाना फडणविसांचं गाव ते. पूर्वी कासवाची अंडी दिसली, की लोक काढून न्यायचे, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची. 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. त्यांनी गावकऱ्यांनाच राखणदार केलं. पहाटे किनाऱ्यावर फिरायचं. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला, की हलक्या हाताने घरटं उकरायचं. आत शंभराच्या आसपास अंडी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी. कुंपणाच्या आत तसाच, वर निरुंद आणि खाली रुंद असा सुरईसारखा खड्डा करून ती ठेवायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर टोपलं पालथं घातलेलं असतं. ते उचललं, की खाली काळ्या पिल्लांची वळवळ! माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमी लहानपनी याची अंडी उकडून खाल्ली गो." आणि पिल्लू पाण्यात गेल्यावर त्यांनीच आधी टाळी वाजवली. वाळू गरम असेल तर माद्या जास्त होतात आणि थोडी थंड असेल तर नर, हेही मला तिथेच कळलं. डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

तर ही आमची विद्यार्थिनी. आफ्रिका राहिली, म्हणून ती जानेवारी ते मार्च कोकणातल्या एका गावात ओळखीच्या घरी राहिली आणि तिथल्या कासवमित्रांबरोबर फिरली. परत आल्यावर तिने वही दाखवली. किती पानांवर एकच ओळ असेल? "आज घरटे नाही." मी मोजली, एकतीस पानं! एका पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कंटाळा आला. आई आठवली. पायाला फोड." आणि एका पानावर अंड्यांचा आकडा तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला. मला त्या पानाचं फार कौतुक वाटलं. चौथीत हीच पोरगी बेरीज कधी तपासून बघायची नाही!

तुम्ही म्हणाल, बाईंना परदेशाचं वावडं आहे. मुळीच नाही. डॉ. सलीम अली 1929 मध्ये बर्लिनला जाऊन प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकलेच की. परत आले तेव्हा हातात नोकरी नव्हती. मग ते आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीमला राहिले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांची घरटी रोज बघत बसले. नर आधी घरटं विणतो, ते मादीला पसंत पडलं तर ती येते, मग तो दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपलं. पुढे त्यांनी संस्थानांमधल्या पक्ष्यांची पाहणी केली तीसुद्धा पगार न घेता, फक्त खर्चावर.

आमच्या पोरीचंही टोर्तुगेरोला जायचं नक्की आहे. ती शिकवण्या घेते आणि पैसे साठवते. बाबांकडून एक रुपया घेणार नाही म्हणते. मधल्या काळात ती दर शनिवारी सकाळी आमच्या मुलांबरोबर रोडपालीच्या तळ्यावर येते. 2017 च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या तळोज्यात चक्क निळी कुत्री फिरताना दिसली होती, आठवतं का? तुम्ही तेव्हा फार लहान असाल. कारखान्याच्या रंगाचा तो प्रताप होता. प्राणिमित्रांनी फोटो काढून तक्रार केली, म्हणून कारवाई झाली. तेव्हापासून आम्ही तळ्याची वही ठेवतो. पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे, बगळे किती, खंड्या दिसला का, टिटवी ओरडली का. मागच्या शनिवारी एकूण सात बगळे. एका मुलाने आठ लिहिले होते. ताईने त्याला पुन्हा काठावर नेलं आणि मोजायला लावलं. आठवी निघाली पांढरी प्लास्टिकची पिशवी!

कळंबोलीकडे राहत असाल तर या. सकाळी साडेसात वाजता. येताना पेन्सिल आणा, पेनाची शाई पावसात फुटते.