अदृश्य माणसाची पावले

एच. जी. वेल्स यांची ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक ग्रिफिन गरीब, बुद्धिमान आणि एकाकी आहे. प्रथम वाचनात आम्हांस त्याच्याविषयी सहानुभूती वाटली. हलाखीत विद्या मिळवणारा तरुण आम्हांस परका कसा वाटावा? परंतु प्रयोगासाठी तो वडिलांजवळचे पैसे चोरतो. ते पैसे दुसऱ्याचे असल्याने वडील स्वतःवर गोळी झाडून घेतात, आणि ग्रिफिनला त्याचे दुःखही होत नाही. देहाने अदृश्य होण्याआधीच माणुसकी त्याला सोडून गेलेली असते.

अदृश्य होऊन त्याला काय लाभते? लंडनच्या जानेवारीत उघड्या अंगाने कुडकुडणे, आणि चिखलाने उमटलेल्या पावलांमागे लागलेली पोरे. पुढे तर तो दहशतीचे राज्य मांडू पाहतो. कोणासही जाब द्यावा लागू नये, हीच त्याच्या विद्येची परिणती.

आमच्या पूर्वजांकडे समाजाने माणूस म्हणून पाहिलेच नव्हते. २० मार्च १९२७ रोजी ते बाबासाहेबांसोबत महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते भर दिवसा, सर्वांदेखत. बाबासाहेबांनी विद्येला शीलाची जोड आवश्यक मानली. आज आपल्यापैकी अनेकजण अधिकारपदांवर आहेत, आणि वस्तीच्या नजरेआड राहणे आपल्याला जमू लागले आहे. आम्हीही यास अपवाद नाही.

ग्रिफिन जमावाच्या हातून मरतो आणि मेल्यावरच पुन्हा दिसू लागतो. आपण जिवंतपणीच आपल्या माणसांना दिसत राहावे.