ताईचं लंडन

परदेशात आपलं माणूस असलं की प्रवास अर्धा सोपा होतो म्हणतात. माझी थोरली बहीण लग्न होऊन १९८२ साली लंडनला गेली, पण तिच्या घरी जायचा योग मला आला तो २०२३ च्या जूनमध्ये. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सगळं बांधून घेतलं. पेढे मात्र घरीच ठेवावे लागले, कारण दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत.

ताईचं घर शहराच्या वायव्येला, किंग्जबरीत. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. भाची नोकरीवर जायची. तिनं मला बघायच्या ठिकाणांची यादीच करून दिली. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, नुसतं कार्ड टेकवायचं. ब्रिटिश म्युझियम बघायला तिकीट नाही. म्हटलं, आपल्याला जमण्यासारखं आहे की! चार दिवस मी एकटीच हिंडले. ताईला "चल ना" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तू ये जाऊन. मी काय, इथलीच!"

चौथ्या रात्री भाची हळूच म्हणाली, "मावशी, आईला म्हातारपणाचा फुकट पास आहे. पण डॉक्टर आणि भाजीचं दुकान सोडून ती कुठे जातच नाही. पूर्वी बाबाच गाडीनं न्यायचे ना!"

मी गप्प झाले. ताईच्या स्वयंपाकघरात एक घड्याळ होतं, कायम भारताची वेळ दाखवणारं. आईला फोन करायला सोपं जावं म्हणून भाऊजींनी लावलेलं. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी ताई पोळ्या लाटताना त्याच्याकडेच बघायची.

सकाळी मी चक्क खोटं बोलले. "ताई, आज ग्रिनिचला जायचंय, पण गाडी बदलायची मला भीती वाटते गं." थोरली बहीण शेवटी थोरलीच! कुरकुरत का होईना, तिनं कोट चढवला.

किंग्जबरीहून ज्युबिली लाइननं थेट कॅनरी वॉर्फ. तिथून छोटी डीएलआर गाडी. हिला ड्रायव्हर नसतो बरं का! पुढची जागा रिकामी दिसताच ताई लहान मुलीसारखी जाऊन बसली. गाडी थेम्स नदीखालच्या बोगद्यात शिरली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता. भीती नक्की कुणाला वाटत होती, ते मी विचारलं नाही.

बागेतून चढण चढून वेधशाळेशी पोचलो. ही १६७५ ची. इथूनच शून्य रेखांश धरतात. दर पंधरा अंशांना एक तास, म्हणून साडेब्याऐंशी अंशांवरची आपली वेळ साडेपाच तास पुढे. फाटकाजवळच्या भिंतीत चोवीस आकड्यांचं जुनं घड्याळ आहे. माझ्या मनगटावर पावणे एक, त्यात पावणे बारा! उन्हाळ्यात सारा देश घड्याळ एक तास पुढे करतो, पण हे एकटं जागचं हलत नाही.

ताई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मी गं कुणासाठी बघते ते स्वयंपाकघरातलं घड्याळ? आई नाही, हेही नाहीत." मी काहीच बोलले नाही, नुसती जवळ उभी राहिले.

एवढ्यात लोकांनी माना वर केल्या. छपरावर एक मोठा लाल गोळा आहे. नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८३३ पासून तो दुपारी बरोबर एक वाजता खाली येतो. गोळा सरकन् घसरला आणि ताई टाळ्या वाजवून हसली! भाऊजी गेल्यानंतर ती अशी हसलेली मी ऐकलं नव्हतं. बाकावर बसून आम्ही डब्यातली थालीपिठं खाल्ली. परतताना गाड्या तिनंच शोधल्या, मी नुसती मागून चालले.

ते घड्याळ अजून भिंतीवरच आहे. आता ती ते माझ्यासाठी बघते. दर गुरुवारी फोन येतो आणि आज कुठे जाऊन आले, ते सांगते.

मैत्रिणींनो, परदेशी नात्यातल्या माणसाकडे जाल तेव्हा लोणची-मसाले जरूर न्या. पण शहर एकट्यानं बघून येऊ नका. ज्यांच्याकडे उतराल, त्यांनाही हाताला धरून बाहेर काढा.