कायमचा पत्ता

दिवाळीला अमेरिकेहून पुतणी आली आणि कान्ह्याहून पुण्याला जाताना लोकलच्या गर्दीत तिची पर्स गेली. पासपोर्ट घरी होता. गेले ते ग्रीन कार्ड. त्यावाचून परतीच्या विमानात कोण चढू देणार?

रेल्वे पोलिसांत तक्रार लिहिताना हवालदारांनी विचारले, “कायमचा पत्ता?” पोर गप्प झाली. त्या कार्डाने ती तिकडची ‘कायमची रहिवासी’ ठरलेली! “काका, काय सांगू?” मी सांगितले, “मुक्काम पोस्ट कान्हे, तालुका मावळ.” हवालदारांनी लिहूनही टाकले.

पुढे आय-१३१ए नावाचा अर्ज, त्याचे शुल्क, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत खेप. नवे कार्ड तिथे मिळत नाही. पासपोर्टात एक परवानगी चिकटवतात, फार तर ३० दिवसांची, एकदाच परतण्यापुरती. कार्डासाठी तिकडे पोचल्यावर निराळा अर्ज. आणि ही सोय वर्षाच्या आत परतणाऱ्यालाच, हे मी रात्री सर्वांना वाचून दाखवले.

“आणि वर्ष उलटलं तर?” वहिनींनी विचारले.

पुतणीने मान वर केली नाही. वहिनी अनारशांचा डबा भरायला उठल्या.