जॉब कडेला बघायचा

संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये प्लेटिंगच्या टाक्यांशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात रायफल दिली, तर तो आधी तिच्या कडा बघतो. अमेरिकेत भाच्याकडे मी तेच केलं. जुन्या हेन्रीच्या वळणाची .२२ लिव्हर-ॲक्शन होती. पिवळीधमक फ्रेम, काळी नळी, अक्रोडाचा दस्ता.
"मामा, पितळ आहे."
जिथे बोटं सारखी घासतात, तिथे सोनेरीखाली राखाडी ठिपका दिसत होता. "जस्त आहे रे," मी म्हटलं.

१८६०च्या मूळ हेन्रीची पिवळी फ्रेम तांबं-कथलाच्या गनमेटलची होती. आताच्या .२२चा दाब बेताचा, त्यामुळे काही नकलांमध्ये वरचं कव्हर जस्ताच्या डाय-कास्टिंगचं असलं तरी निभावतं. त्यावर प्लेटिंग करणं मात्र कटकटीचं. आम्लाच्या बाथमध्ये जस्त स्वतःच विरघळायला लागतं, म्हणून आधी सायनाइड कॉपरचा थर द्यावा लागतो. ओतकामात बारीक छिद्रं राहिली असतील, तर पुढे फोड येतात. गनमेटल झिजलं तरी खाली गनमेटलच निघतं.

नळीवर मात्र खोट काढता आली नाही. तो काळा रंग म्हणजे आमच्याकडचं ब्लॅकोडायझिंग. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास तापलेल्या बाथमध्ये पोलादाच्या पृष्ठभागाचाच काळा ऑक्साइड होतो. थर जेमतेम मायक्रॉनभर. तेल लावलं नाही तर गंज ठरलेला. पण हा रंग पोपडे होऊन निघत नाही. झिजतो, कडेला पोलाद उजळतं, आणि मला तर तशी वापरलेली नळी नव्या नळीपेक्षा देखणी वाटते.

जस्ताला नावं ठेवायला मात्र संभाजीनगरच्या माणसाला तोंड नाही. आपल्याकडची बिदरी जस्ताचीच असते, त्यात थोडंसं तांबं. वाळूच्या साच्यात ओतलेली सुरई कानशीने घासतात, मोरचूद फिरवून तात्पुरती काळी करतात, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. खाचेत चांदीची तार ठोकतात. पुन्हा घासल्यावर चांदी आणि जस्त दोन्ही पांढुरके दिसतात, नक्षी जवळजवळ हरवते. मग वस्तू कोमट करून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळायचा. जस्त काळंभोर होतं, चांदीला काहीही होत नाही. त्यातलं तांबं काढून टाका, हा काळा रंग येणार नाही. शेवटी इथेही तेलाचा हात, नळीसारखाच.

एकाच जस्तावर सोनेरी कपडा चढवला की दहा वर्षांत कडेला फाटतो. त्याच्या अंगातूनच रंग काढला, तर शतकं टिकतो. संग्रहालयांतले बिदरी हुक्के मी म्हणूनच कडेने बघतो.

बाजारात काळी ओतीव वस्तू बिदरी म्हणून पुढे आली, तर थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तळाशी घासून बघा. रंग असेल तर बोळा काळा होईल. दुकानदाराची परवानगी आधी घ्या. नाही म्हणाला, तर तेही उत्तरच.