आवरलेले पाऊल

'टिटवीदेखील समुद्र आटविते' ही म्हण मी प्रथम ऐकली ती आजीच्या तोंडून. समुद्राने टिटवीची अंडी ओढून नेली, टिटवीने हार मानली नाही, आणि अखेर समुद्राला ती अंडी परत द्यावी लागली, अशी ती पंचतंत्रातील कथा. कोकणातील आमच्या घराच्या ओटीवर बसून ही कथा ऐकताना मी नेहमीच टिटवीच्या बाजूने असे. ऐकणारा प्रत्येक जण त्याच बाजूने असतो. आपण कधी समुद्राच्या जागी उभे असू, असे मात्र कोणाच्याही मनात येत नाही. माझ्या मनात ते आले पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही घरापासून हजारो मैल दूर, इंग्लंडमधील एका उजाड माळावर.

माझा भाचा नोकरीनिमित्त शेफिल्ड येथे राहतो. २०१८ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते. आपल्याकडे त्या दिवसांत वैशाखवणवा पेटलेला असतो. तिथे मात्र वसंत ऋतू नुकता रंगात आलेला असतो. शेफिल्ड आणि मँचेस्टर या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये 'पीक डिस्ट्रिक्ट' नावाचा डोंगराळ प्रदेश पसरला आहे. ब्रिटनमधील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९५१ साली झाली. भाच्याच्या शेजारी सत्तरी गाठलेले एक निवृत्त गृहस्थ राहत असत. दर वसंतात ते स्वयंसेवक म्हणून डोंगरावरील पक्ष्यांची मोजणी करावयास जात. मला पक्ष्यांची आवड आहे, हे कळताच त्यांनी आम्हां दोघांना बरोबर येण्याचे निमंत्रण दिले.

भल्या सकाळी आम्ही डर्वेंट नदीच्या खोऱ्यात शिरलो. या खोऱ्यात एकापाठोपाठ एक अशी तीन धरणे आहेत. त्यांपैकी लेडीबाउअर हे सर्वांत मोठे धरण; त्याचे उद्घाटन १९४५ साली झाले. त्याच्या जलाशयात डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावे बुडाली. शांत निळ्या पाण्याकडे पाहताना मला कोयनेचा शिवसागर आठवला. त्याच्याही तळाशी कितीतरी घरांचे चौथरे आहेत. पाणी सगळीकडे सारखेच दिसते; त्याखाली काय गेले, हे तिथल्या माणसांनाच ठाऊक असते.

रस्ता संपला तिथे गाडी ठेवून आम्ही नदीकाठाने चालू लागलो. वरच्या अंगाला नदी अगदी लहान होते आणि दगडगोट्यांतून खळखळत धावते. एका खडकावर शेपटी वरखाली हलवीत बसलेला पिवळ्या पोटाचा पक्षी दिसला, आणि मी आनंदाने ओरडलेच, "अरे, हा तर आपला धोबी!" हिवाळ्यात सह्याद्रीच्या ओढ्यांवर दिसणारा करडा धोबी तो हाच. पलीकडे काठालगत तुतारी नावाचा चिमुकला पाणपक्षी मागचा भाग डुलवीत किडे टिपत होता. तीही आपल्या ओळखीची. ब्रिटनमधील तुताऱ्या हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात. आपल्या नद्यांवर उतरतात त्या उत्तरेकडील दुसऱ्या प्रदेशांतून येतात. मला नवा होता तो डिपर. गडद तपकिरी अंगाचा आणि पांढऱ्या छातीचा हा गुबगुबीत पक्षी चक्क वाहत्या पाण्यात बुडी मारतो, तळाच्या दगडांमधील अळ्या शोधतो आणि बुचासारखा पुन्हा वर येतो. "मावशी, याला सर्दी कशी होत नाही?" असे भाच्याने विचारले, तेव्हा ते गंभीर गृहस्थही हसले.

पुढे एक जुना दगडी पूल लागला. पूर्वी हा पूल डर्वेंट गावात होता. ओझ्याचे घोडे त्यावरून जात. गाव पाण्याखाली जाण्यापूर्वी त्याचे दगड सुटे करून जपून ठेवण्यात आले आणि १९५९ साली तो या जागी पुन्हा उभारण्यात आला. तो ओलांडून आम्ही चढ चढू लागलो. झाडे मागे पडली आणि वर, क्षितिजापर्यंत पसरलेला, तपकिरी रंगाचा उघडा माळ समोर आला.

याला तिकडे 'मूर' म्हणतात. वाचकांनी आपल्याकडील डोंगरमाथ्यावरचा सडा डोळ्यांसमोर आणावा. मात्र पायांखाली कातळाऐवजी भिजलेल्या स्पंजासारखी काळी जमीन आहे, अशी कल्पना करावी. थंड, पाणथळ जागी शेवाळ पूर्णपणे कुजत नाही; ते थरावर थर साचत जाते. त्यातून ही 'पीट' नावाची जमीन बनते. तिचा एक मीटर जाडीचा थर साचण्यास सुमारे हजार वर्षे लागतात. आसपासच्या कारखान्यांच्या धुराने येथील शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या मरत गेले आणि उघडी पडलेली जमीन पावसाबरोबर वाहून जाऊ लागली. २००३ पासून या भागात घळी बांधून पाणी अडविण्याचे आणि पुन्हा शेवाळ लावण्याचे काम चालू आहे. मैलोन्‌मैल पसरलेली हेदरची झुडपे ऑगस्टमध्ये जांभळी होतात. मे महिन्यात ती काळपट असतात. त्यांच्यामधून कापूसगवताचे पांढरे झुबके वाऱ्यावर हलत होते. वर आकाशात चंडोल गात होता.

आणि मग तो स्वर आला. आधी दोन-तीन लांब, खोल, विलंबित शिळा. मग त्या जवळ जवळ येत गेल्या, आणि कळशी पाण्यात बुडताना जसा बुडबुड नाद व्हावा, तसा एक थरथरता प्रवाह माळभर पसरला. "कर्ल्यू," आमचे मार्गदर्शक हलक्या आवाजात म्हणाले.

कर्ल्यू म्हणजे आपला कोरल! कोयत्यासारखी खाली वळलेली लांबलचक चोच असलेला हा पक्षी मी लहानपणापासून पाहत आले होते. थंडीच्या दिवसांत ओहोटी लागली की आमच्या खाडीच्या चिखलात तो चोच खुपसून खेकडे आणि किडे शोधत फिरे. आपल्या किनाऱ्यावर येणारे कोरल मध्य आशिया व सायबेरियाकडून येतात. ब्रिटनमधील कोरल इतक्या दूर येत नाहीत. पण पक्षी तोच. खाडीवर मी त्याची एखादी कातर हाक तेवढी ऐकली होती. हे गाणे मुख्यतः त्याच्या विणीच्या माळावरच ऐकावयास मिळते. पन्नास वर्षांची ओळख असलेल्या माणसाला प्रथमच त्याच्या स्वतःच्या घरी भेटावे, तसे मला झाले.

त्या आनंदाच्या भरातच माझ्या हातून चूक घडली. मार्गदर्शक वहीत नोंद करीत होते, भाचा थर्मासमधून चहा ओतीत होता. सुमारे शंभर पावलांवर गवताच्या झुबक्यांमध्ये कोरल उतरलेला मला दिसला. त्याला जवळून पाहावे म्हणून मी दुर्बीण सावरीत पायवाट सोडली. दहा-वीस पावले गेले असेन. तोच पक्षी उठला आणि माझ्या डोक्याभोवती ओरडत घिरट्या घालू लागला. दुसरीकडून त्याचा जोडीदारही आला. मला वाटले, हेही त्यांचे गाणेच. मी भारावून आणखी पुढे गेले.

"थांबा!" मागून हाक आली. मी वळून पाहिले. ते गृहस्थ हातानेच सांगत होते : ज्या वाटेने गेलात, त्याच वाटेने, आपल्याच पावलांवर पाय ठेवीत परत या.

मी परत आले. त्यांनी आम्हांला घाईने बरेच मागे, एका दगडी कुंपणाच्या आडोशाला नेले. मग शांतपणे समजावून सांगितले. कोरल जमिनीवरच घरटे करतो. साध्या खळग्यात बहुधा चार अंडी असतात आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे ती उबवितात. माणूस जवळ आला की पक्षी अंडी सोडून उठतो. मग अंडी थंडीवाऱ्यात उघडी पडतात, आणि अंडी कुठे असतील हे कावळ्यांना कळते. मी जे गाणे समजत होते, तो आक्रोश होता.

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला दोन काळेकुट्ट कावळे येऊन बसले. त्यानंतरची वीस मिनिटे मी विसरू शकत नाही. कोणी काही बोलत नव्हते. चहा पेल्यांतच निवला. मला सारखी आजीची कथा आठवत होती. टिटवी तिथे होती, अंडी तिथे होती, आणि समुद्र? या वेळी समुद्र मी होते.

अखेर एक कोरल घरट्यापासून बराच दूर उतरला. थोडे थांबत, मान उंचावून पाहत, तो गवतातून चालत गेला आणि दिसेनासा झाला. कावळेही उडून गेले. "बसला," मार्गदर्शक म्हणाले. अंडी सुखरूप होती की नाही, हे मला कळले नाही. ते पाहण्यासाठी पुन्हा जवळ जावे लागले असते.

परतताना मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "पायवाट सोडण्याचा तुम्हांला कायद्याने हक्क आहे." आणि मग त्यांनी त्या हक्काची गोष्ट सांगितली. एके काळी हे माळ धनिकांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले असत. ग्राउस नावाच्या पक्ष्यांची शिकार तिथे चाले. सामान्य माणसाला पाऊल टाकण्याची बंदी होती. कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांना आठवड्यातून एक दिवस मोकळी हवा हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण ही बंदी मोडून किंडर स्काउट या डोंगरावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. त्याच्यासह पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे २००० साली झालेल्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. त्याच कायद्याने १ मार्च ते ३१ जुलै या काळात तेथे कुत्रा आखूड दोरीनेच धरण्याचे बंधन घातले आहे.

ज्या हक्कासाठी तरुणांनी तुरुंग पत्करला, तो मला आयताच मिळाला होता. त्याचा मी काय उपयोग केला? जगातील कोरलांपैकी सुमारे एक चतुर्थांश जोड्या ब्रिटनमध्ये वीण करतात, असा पक्षितज्ज्ञांचा अंदाज आहे. गेल्या सुमारे तीस वर्षांत तेथील त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे. बदललेली शेती, ओसरलेली ओल, कोल्ह्या-कावळ्यांचे हल्ले ही त्याची मोठी कारणे. माझ्यासारख्यांची दहा-वीस पावले त्या मानाने क्षुल्लक खरी. पण त्या एका घरट्यापुरती ती क्षुल्लक नव्हती. माणसांना आपला पूल दगड दगड उचलून दुसरीकडे नेता आला. पक्ष्याला अंडी उचलून नेता येत नाहीत. पुढे जाण्याची मोकळीक मिळाल्यावरच कुठे थांबायचे, हे आपले आपण ठरवावे लागते. बंदी होती तेव्हा तो प्रश्नच नव्हता.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ साली सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात समावेश झाला. तिथली फुले पाहावयास आलेल्यांच्याच पायांखाली ती तुडविली जाऊ लागली, तेव्हा पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुलांवर प्रेम नसलेला माणूस तिथे कशाला जाईल? नुकसान झाले ते प्रेमापोटीच.

पुढच्या हिवाळ्यात मी गावी गेले. ओहोटीच्या वेळी खाडीवर कोरल आले होते. पूर्वी मी चिखलाच्या कडेपर्यंत जात असे आणि ते उडाले की त्यांच्या पंखांचे कौतुक करीत असे. या वेळी बांधावरच बसले. ते दूर, लहानसे दिसत होते. तासभर ते निवांत चरत राहिले. पक्ष्यांना इतका वेळ मी यापूर्वी कधीच पाहिले नव्हते.

परतीच्या वाटेवर शेतातून टिटवी ओरडू लागली. तिचे ओरडणे आमच्याकडे अशुभ मानतात. मी शेतातली जवळची वाट सोडली आणि लांबच्या रस्त्याने घरी आले.