टाकी, टेम्पो आणि चौथीतलं गणित

काचा पुसण्याचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते एक फडकं, थोडं पाणी आणि जुनं वर्तमानपत्र. पण हल्लीच्या काचेच्या इमारतींचं प्रकरण वेगळं असतं. माझा भाचा पुण्यात हिंजवडी-बाणेरकडच्या कचेऱ्यांच्या काचा धुण्याची कंत्राटं घेतो. आमच्याच सोसायटीत राहतो, त्यामुळे रोज सकाळी त्याचा 'छोटा हत्ती' टेम्पो भरताना मला बाल्कनीतून दिसतो. पाण्याची पाचशे लिटरची टाकी, पाणी शुद्ध करायचं यंत्र (साध्या पाण्यातले क्षार काचेवर वाळले की डाग पडतात), प्रेशर पंप, जनरेटर, पाइपांची वेटोळी, शिड्या, लांब होणारे दांडे... एक छोटा कारखानाच म्हणा ना!

आणि या सगळ्या सामानाच्या मध्ये, टाकीला टेकून, दोन पोरं बसायची. वीस-बावीस वर्षांची. मला ते बघवेना.

मी आयुष्यभर मराठी आणि भूगोल शिकवला, यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. एका रविवारी भाच्याला म्हटलं, "अरे, तुझं ते आरसी बुक आण आणि कागद-पेन्सिल घे." त्यात गाडीचं रिकामं वजन आणि भरल्यानंतरचं जास्तीत जास्त वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे आपल्याला नेता येणारं वजन. त्याच्या गाडीचं उत्तर आलं सातशेच्या थोडं वर. मग बेरीज केली. पाणी ५००, टाकी आणि तिचा सांगाडा ४०, यंत्रं ८०, शिड्या-पाइप ६०, आणि पुढे बसणारे दोघे १३०. झाले ८१०! मागची दोन पोरं अजून धरलीच नव्हती. माणसांचंही वजन असतं हे आपण नेमकं विसरतो.

भाचा म्हणाला, "आत्या, मग टाकी अर्धी भरतो." वाटतं सोपं, पण अर्धी टाकी जास्त वाईट. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत ते वळणावर आणि ब्रेक लागला की उसळतं आणि गाडीला आपल्याबरोबर ओढतं. त्यापेक्षा तीनशे लिटरची, आत आडवे पडदे असलेली टाकी पूर्ण भरून न्यावी. किंवा कामाच्या जागी पाणी मिळत असेल तर रिकामी न्यावी आणि तिथे भरावी.

पुढचं शास्त्र प्रत्येक गृहिणीला येतं. बाजारच्या पिशवीत बटाटे खाली, टोमॅटो वर. तसंच जड सामान तळाला, केबिनमागच्या भिंतीला टेकवून आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखं. सगळं जड मागच्या टोकाला ठेवलं तर गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. ॲसिडचा कॅन आणि ब्लीचचा कॅन तर शेजारी नकोतच. दोन्ही सांडून एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू होतो.

आणि बांधणं! सामान बांधताना एक ठोकताळा धरतात : पुढच्या दिशेने त्याच्या पूर्ण वजनाइतका जोर येईल, बाजूला आणि मागे निम्मा. म्हणजे नुसता करकचून ब्रेक लागला तरी तीनशे किलोची टाकी जवळजवळ तेवढ्याच जोराने पुढे यायला बघते. टक्कर झाली तर हा जोर कितीतरी पटींनी वाढतो. तिथे सुतळी काय करणार? रॅचेटचे पट्टे हवेत, तेही गाडीच्या लोखंडी कड्यांना अडकवलेले. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताणून बघायचे, कारण हादऱ्यांनी सामान बसतं आणि पट्टा सैल पडतो.

पाठीचंही तेच. जनरेटर एकट्याने कमरेत वाकून उचलणं म्हणजे शौर्य नव्हे. गुडघ्यात वाकावं, वजन अंगाजवळ धरावं, दोघांनी "एक, दोन, तीन" म्हणून उचलावं. चाकं असतील तर फळी लावून चढवावं. जे सामान आधी लागणार ते शेवटी भरावं, म्हणजे उतरवताना उगाच उचलापाचल होत नाही.

भाच्याने बरंचसं ऐकलं, पण पोरांच्या बाबतीत अडला. "आत्या, त्यांना वेगळं पाठवायचं तर पेट्रोलचा खर्च वाढतो. कंत्राटात सुटत नाही." त्याचं म्हणणं खोटं नाही. दर पाडून काम मागणारे ढीगभर आहेत. मी एवढंच विचारलं, "त्या दोघांच्या आयांना तू कोणता दर सांगशील?" तो गप्प बसला. आता ती पोरं मोटारसायकलवर जातात, हेल्मेट घालून. टाकी बदलली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजारांचा दंड आहे, हेही त्याला पटलं असावं... कशाने का होईना!

असो. तुमच्यापैकी कुणाचा केटरिंगचा, मंडपाचा, प्लंबिंगचा टेम्पो असेल, तर एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसा. उभ्या गाडीत सगळंच सामान गुणी मुलासारखं शांत असतं. त्याचा खरा स्वभाव ब्रेक लागल्यावर कळतो.