हरदौलचा ओटा

बुंदेलखंडापासून नर्मदेपर्यंतच्या मुलखात, जबलपूर-सागरच्या टापूतल्या खेड्यांतून, झाडाखाली किंवा गावाच्या कडेला एक साधा ओटा दिसतो. गाव त्याला लाला हरदौलचे स्थान म्हणते. हरदौल हा ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याचा मुलगा. थोरला भाऊ जुझारसिंह याच्या मनात संशयाचे विष शिरले आणि खरे विष हरदौलाच्या पोटात गेले, अशी त्याची कथा. लग्नकार्याचे पहिले निमंत्रण त्याला द्यायचे, म्हणजे कार्यात काही उणे पडत नाही, ही श्रद्धा आजही टिकून आहे. पण या ओट्याचा संबंध केवळ लग्नाशी नाही, पटकीच्या साथीशीही आहे. आणि रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो याविषयीचे ज्ञान कसकसे पालटत गेले, हे ज्याला जबलपुरातल्या मुलांना शिकवायचे आहे, त्या शिक्षकाला या ओट्याहून चांगला प्रारंभबिंदू सापडणे कठीण.

सागर-नर्मदा प्रदेशात अनेक वर्षे अधिकारी असलेला आणि ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेला विल्यम स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ही हकीकत नोंदवली आहे. १८१७ साली पेंढाऱ्यांवर निघालेली लॉर्ड हेस्टिंग्जची फौज बुंदेलखंडातील सिंध नदीकाठी तळ देऊन असताना तिच्यात पटकीचा भयंकर उद्रेक झाला. हरदौलाची रक्षा जिथे विसावली त्या राईत गोऱ्या शिपायांसाठी गाई कापल्या गेल्या, म्हणून लालाचा कोप झाला, असे लोकांनी मानले. आणि तेव्हापासून साथ टळावी म्हणून गावोगाव त्याची पूजा होऊ लागली. याच १८१७च्या डिसेंबरात जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. एक राज्य मावळत होते, दुसरे उगवत होते, आणि दोहोंच्या मधून एक रोग चालत येत होता.

या कथेला वर्गात हसू येण्याचा संभव असतो. शिक्षकाने नेमके येथेच थांबले पाहिजे. कारण त्या वेळी शिकलेल्या डॉक्टरांचे म्हणणे तरी काय होते? त्याच वर्षी जेसोरला ही साथ पाहणाऱ्या डॉ. रॉबर्ट टायटलरने नव्या, खराब तांदळावर ठपका ठेवला. बंगालच्या वैद्यकीय मंडळासाठी जेम्स जेमसनने १८२० साली जो अहवाल सिद्ध केला, त्यात हवामानाला आणि दूषित वातावरणाला मोठे स्थान होते. फौजेने सिंधकाठचा तळ हलवला आणि ती बेतवेकाठच्या एरच येथील उंच, कोरड्या जागी गेली. तेथे रोग ओसरला. हवेचा सिद्धांत मानणाऱ्यांना याहून भक्कम पुरावा कोणता हवा होता? जागा बदलली, हवा बदलली, रोग गेला.

परंतु जागेबरोबर पाणीही बदलले होते. हे वाक्य आज सहज लिहिता येते. १८१७ साली ते कोणाच्या मनात सहज येण्याजोगे नव्हते. घटना तीच, साक्षीदार तेच, आकडेही तेच; पालटली ती फक्त त्यांना विचारलेली शंका. विज्ञानाचा इतिहास शिकवणे म्हणजे ही शंका कशी जन्मली ते शिकवणे होय.

आता गावकऱ्यांकडे पुन्हा पाहावे. हरदौलाच्या कोपाची त्यांची उपपत्ती टिकली नाही; पण रोग तळाबरोबर आला आणि माणसांच्या वाटेने पुढे गेला, हे त्यांचे निरीक्षण साफ बरोबर होते. महाराष्ट्रात मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन सोडण्याची रीत होती. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकली. त्या रीतीतला निर्दयपणा नाकारता येत नाही. पण रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो ही जाण तिच्यात होती, आणि वातावरणालाच सारा दोष देणाऱ्या पंडितांपाशी ती नेहमी असेच असे नाही. चुकीच्या उत्तराच्या पोटात अचूक निरीक्षण असू शकते. मुलाला आपल्या आजीच्या नवसाची लाज न वाटता विज्ञान शिकता यायचे असेल, तर त्याला हे सांगितलेच पाहिजे.

पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत येतो. जॉन स्नो याने १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखवले. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूची ओळख पक्की केली. त्या दोन ओळींत विरोध येत नाही, आणि विरोधावाचून शोधाचा अर्थ कळत नाही. स्नोच्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनीने हा जंतू पाहिला होता. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. कॉख कलकत्त्यात असताना हिंदुस्थान सरकारचा आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम संसर्गाची कल्पनाच मानायला तयार नव्हता. संसर्ग मान्य केला की क्वारंटाइन आले, आणि क्वारंटाइन आले की व्यापाराला खीळ बसली! १८९२ साली म्युनिकच्या पेटेनकोफरने जंतूंनी भरलेले द्रव पिऊन दाखवले. थोड्या पोटदुखण्यावर तो निभावला. त्याचा निष्कर्ष चुकला, पण जंतू पोटात गेला तरी प्रत्येकाला सारखाच रोग का होत नाही, हा त्याचा प्रश्न पोकळ नव्हता.

अर्धवट ज्ञानाची किंमत कोण मोजतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने घरे झडली गेली, सामानसुमान जाळले गेले, माणसे छावण्यांत नेली गेली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. सारा रोख माणसांवर आणि घाणीवर होता. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून उंदरावरच्या पिसवेचा वाटा दाखवला, तरी त्याचे म्हणणे बराच काळ हसण्यावारी नेले गेले. १९०५ नंतर मुंबईत प्लेग आयोगाने केलेल्या कामानंतरच ते मान्य झाले. ज्यांची घरे उघडी पडली त्यांना विज्ञानाची ही वाट पाहणे परवडणारे नव्हते.

आणि मग सर्वांत अवघड धडा येतो, कारण तो विजयातून निघालेल्या चुकीचा आहे. दूषित हवेची जुनी कल्पना हटवण्यासाठी जंतुवाद्यांनी इतका जोर लावला, की हवेतून रोग पसरतो असे म्हणणेच मागासलेपणाचे ठरले. अमेरिकेतील चार्ल्स चेपिन याने १९१० साली स्पर्शावर आणि जवळच्या तुषारांवर भर दिला, आणि तो भर पुढे शतकभर टिकला. हवेत तरंगणारे कण आणि खाली पडणारे थेंब यांची सीमा पाच मायक्रॉनची, असे पुस्तकांत छापले गेले. वास्तविक विल्यम वेल्सने १९३४ साली जो हिशेब मांडला, त्यात ही सीमा शंभर मायक्रॉनच्या आसपास होती. पाचाचा आकडा क्षयाच्या अभ्यासातला. फुप्फुसात खोलवर पोहोचणाऱ्या कणांचा. दोन वेगळे प्रश्न, पण त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळली आणि कोणी मागे वळून पाहिले नाही.

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण आढळले ते जबलपुरातच. त्यानंतरचे दिवस आजच्या विद्यार्थ्यांना आठवतात, किंवा घरी ऐकून माहीत असतात: भाज्या धुणे, दुधाच्या पिशव्या पुसणे, दाराच्या कडीला हात न लावणे. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरणारा नाही असे ठामपणे सांगितले. जुलैत दोनशेएकोणचाळीस शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेतील संसर्गाची दखल घेण्याची मागणी केली. एप्रिल २०२१च्या अखेरीस संघटनेच्या माहितीत हवेतील सूक्ष्म कणांचा स्पष्ट उल्लेख आला, आणि एप्रिल २०२४मध्ये या विषयाची परिभाषाच नव्याने ठरवण्यात आली. एकेकाळी वर्गाबाहेर घालवलेली हवा अशी मागच्या दाराने परत आली. मात्र ती जुनी गूढ, सडकी हवा नव्हती. मोजता येणारे कण वाहून नेणारी, खिडकी उघडली की विरळ होणारी हवा होती.

येथे वर्गातून एक प्रश्न हटकून येतो. "सर, आधी सांगितले ते चूक, मग आज सांगता ते तरी उद्या खरे राहील कशावरून?" या प्रश्नाला दटावून गप्प बसवणारा शिक्षक विज्ञानाचे नुकसान करतो, आणि "सगळेच बदलते, काही खरे नाही" असे म्हणणारा त्याहून अधिक करतो. पटकी दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरते, हे विधान स्नोनंतर उलटले नाही, खोल मात्र झाले. शंभुनाथ दे यांनी १९५९ साली कलकत्त्यात जंतूच्या विषाचा प्रभाव दाखवला. रीटा कोलवेल यांनी हा जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो हे दाखवले. जुनी साडी चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळले, तर पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटते, असे बांगलादेशातल्या मतलब येथील अभ्यासातून २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे काही विधाने पायासारखी स्थिर राहतात, काहींवर मजले चढतात, आणि काही, पाच मायक्रॉनसारखी, पाडावी लागतात. कोणते विधान कोणत्या जातीचे, हे त्यामागचा पुरावा पाहूनच ठरते. विद्यार्थ्याने वर्गातून न्यायचे ते हेच: विधान ऐकले, की ते कशावरून कळले आणि काय दिसले तर ते सोडून द्यावे लागेल, असे विचारण्याची सवय.

ही सवय लागलेला मुलगा गावी जातो तेव्हा हरदौलाचा ओटा असतो तिथेच असतो. घरात लग्न असेल तर आजी पहिली अक्षत तेथेच ठेवते. तो तिच्याबरोबर जातो, नमस्कारही करतो. परतताना त्याची नजर विहिरीच्या कठड्याकडे जाते, सांडपाणी कुठून वाहते त्याकडे जाते. आजी विचारते, काय पाहतोस? साथ तळाबरोबर आली हे ज्यांनी ओळखले, त्या माणसांची आठवण ठेवून तो तिला पाण्याची वाट दाखवतो.